‘सगळं येतं’ म्हणजे नेमकं काय येतं?

प्रिय ताई,

मी यंदा बारावी झाले. पाचवीपासून बास्केटबॉल खेळते. अंडर-19 ला आमची टीम दोन वर्षं जिल्ह्यातून विभागापर्यंत गेली. माझी उंची 5 फूट 4 इंच आहे. पुण्याच्या एका कॉलेजात क्रीडा कोट्यातून अर्ज करतेय. फॉर्ममध्ये एक रकाना आहे, ‘खेळातील तुमची भूमिका व कौशल्ये, 150 शब्दांत’. मी असं लिहिलंय : ‘मी एक मेहनती, शिस्तप्रिय व अष्टपैलू खेळाडू असून माझ्यात नेतृत्वगुण आहेत. मी कोणत्याही जागी खेळू शकते.’ पुढे काही सुचतच नाही.

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका कॉलेजच्या ट्रायलला मॅडमनी विचारलं, ‘तू काय खेळतेस?’ मी म्हटलं, ‘काहीही, सगळं येतं मॅडम.’ त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडे वळल्या. सिलेक्शन झालं नाही. आई म्हणते सगळं येतं असंच लिही, एकच लिहिलंस तर अडकशील. आमचे सर म्हणतात, तू शूटर नाहीस एवढं ध्यानात ठेव. माझ्या मैत्रिणीने ‘अ‍ॅग्रेसिव्ह स्कोअरर’ लिहिलं, ती माझ्याएवढंच खेळते.

विभागाच्या फायनलला माझे चारच पॉइंट होते, त्यामुळे ते लिहिण्यासारखं नाही. हाफटाइमनंतर सरांनी मला समोरच्या टीमच्या सात नंबरच्या मुलीवर लावलं, म्हणून मला शॉट मिळाले नाहीत. तिने हाफटाइमपर्यंत चौदा केले होते, नंतर तिचे दोनच झाले, ते पण फ्री थ्रो. पण शेवटी तीन पॉइंटनी हरलोच. स्वतःबद्दल खोटं न बोलता आणि बढाई न मारता काय लिहू?

— एक खेळाडू, सातारा जिल्हा

---

अगं,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या परिच्छेदापाशी चहाचा कप खाली ठेवला. ज्या सामन्याबद्दल ‘लिहिण्यासारखं नाही’ म्हणतेस, तेवढीच एक गोष्ट तुझ्या पत्रात लिहिण्यासारखी आहे. पहिल्या वीस मिनिटांत चौदा करून बसलेली मुलगी तू समोर आल्यावर पुढच्या वीस मिनिटांत एकही बास्केट मारू शकली नाही! आणि हे तू मला तक्रारीच्या सुरात सांगतेस, की त्यामुळे माझे शॉट गेले.

त्या सात नंबरकडे मी परत येणारच आहे. आधी ट्रायल घेणाऱ्या त्या मॅडमची बाजू सांगते, कारण वीसेक वर्षं मी टेबलाच्या त्याच बाजूला बसतेय.

समज, साठ मुली आल्यात आणि हातात दोन तास आहेत. मॅचच्या यादीत नावं बाराच बसतात. त्यातल्या सात-आठ मुली गेल्या वर्षीच्या, ठरलेल्या. म्हणजे खरी भरती चार-पाच जागांची, आणि प्रत्येक जागेमागे कोचच्या डोक्यात एक दुखणं असतं. ‘आमची उंच मुलगी पास झाली आणि गेली, आता चुकलेल्या शॉटचा रिबाउंड कोण घेणार?’ ‘समोरच्या अंगावर येऊन प्रेस करायला लागल्या की आमच्या हातातून बॉल जातो.’ ‘शेवटच्या दोन मिनिटांत समोरच्यांची स्टार कोण धरणार?’ मॅडम तेव्हा ही भोकं मोजत होत्या. तुझं ‘सगळं येतं’ त्यांतल्या एकाही भोकात बसलं नाही. तुझ्याबद्दल त्यांचं मत वाईट झालं असं मला मुळीच वाटत नाही. मत व्हायला काही तरी हातात लागावं लागतं, ते लागलंच नाही.

म्हणून आईचं म्हणणं इथे लागू होत नाही, हे तिला प्रेमाने सांग. नोकरीच्या ठिकाणी ‘पडेल ते काम करीन’ म्हणणारा माणूस कदाचित ठेवून घेत असतील. कोर्टवर पाच जणी एकाच वेळी पडेल ते काम करायला लागल्या की सगळ्या बॉलमागे धावतात. तुझ्या पाचवीतल्या मॅचेस आठव. दहा मुली, एक बॉल आणि धुळीचा एकच लोट.

आता तुझा मसुदा. ‘अष्टपैलू’ हा शब्द आपण क्रिकेटमधून उचललाय. तिथे त्याला अर्थ आहे, कारण तिथे कोणी नुसता बॉलर असतो, कोणी नुसता बॅट्समन. बास्केटबॉलमध्ये पाचही जणींना हल्ला करावा लागतो आणि पाचही जणींना बचाव. बॉल बोर्डावर आपटून सुटला की सगळ्यांनाच उडी मारायची असते. म्हणजे इथे प्रत्येक जण जन्मतःच अष्टपैलू. तू ते लिहिलंस म्हणजे ‘मी बास्केटबॉल खेळते’ एवढंच लिहिलंस. ‘मेहनती, शिस्तप्रिय’ हे तर साठही फॉर्मवर असतं. मी एकदा असे फॉर्म वाचता वाचता ‘मी आळशी आहे पण उंच आहे’ असं कोणी लिहिलंय का ते शोधत होते. तिला मी नक्की बोलावलं असतं.

‘नेतृत्वगुण’ मात्र सरसकट खोडू नकोस, त्याचा पुरावा शोध. कोर्टवरचं नेतृत्व कानाला ऐकू येतं. जिच्या पाठीमागे समोरच्या टीमची मुलगी वाट अडवून उभी राहते, म्हणजे स्क्रीन लावते, तिला ते दिसत नाही, ती पुढे बघतेय. त्या क्षणी ‘स्क्रीन डावीकडे!’ असं ओरडणारी एक मुलगी लागते. ‘मी बॉलवर’, ‘हेल्प आहे’, ‘स्विच’, असं सतत बोलणारी. आपल्याकडच्या मुलींना हे फार जड जातं, कोर्टवर आवाज चढवला की आपण भांडतोय असं वाटतं त्यांना. तू बोलत असशील तर ‘डिफेन्सला मी सतत बोलते’ एवढे चारच शब्द लिही. नेतृत्वगुणापेक्षा ते शंभर पटीने बरे. बोलत नसशील तर ती ओळ गाळ आणि उद्यापासून बोलायला लाग.

पोझिशनचं म्हणशील, तर एक ते पाच आकडे तुला पाठ असणार. वन म्हणजे पॉइंट गार्ड, टू शूटिंग गार्ड, थ्री आणि फोर हे दोन फॉरवर्ड, फाइव्ह सेंटर. फॉर्मवर आकडा लिहावाच, कोचला पटकन खूण पटते. पण आकड्यावर फार विसंबू नकोस. एनबीए या अमेरिकन व्यावसायिक लीगच्या 1980 च्या फायनलमध्ये, सहाव्या सामन्यात, लेकर्सचा सेंटर करीम अब्दुल-जब्बार घोटा दुखावल्यामुळे आलाच नव्हता. त्याच्या जागी सुरुवातीच्या टिपऑफला उभा राहिला मॅजिक जॉन्सन, वीस वर्षांचा, पहिल्याच मोसमातला पॉइंट गार्ड. त्याने 42 गुण केले, 15 रिबाउंड घेतले आणि लेकर्स जिंकले. हे उदाहरण तुझ्या आईला सांगू नकोस, ती म्हणेल, ‘बघ, मी म्हणत नव्हते, सगळं येतं म्हण.’ त्याला खरोखरच सगळं येत होतं, आणि तो सहा फूट नऊ इंच होता.

आकड्याने माझा स्वतःचा घात केलाय, ती गोष्ट सांगते. 1993 साली मी अकरावीला होते. उंची तुझ्याहून दोन इंच कमी. बुटकी आहे म्हणजे पॉइंट गार्ड, असं मला सगळ्यांनी सांगून ठेवलेलं, आणि मीही मानून चाललेले. एका कॉलेजच्या ट्रायलला सरांनी विचारलं तेव्हा छाती पुढे काढून म्हटलं, ‘पॉइंट गार्ड, सर.’ सर म्हणाले, ‘उत्तम’, आणि दोन सीनियर मुली माझ्यावर सोडल्या, फुल कोर्ट प्रेस. तेव्हा अर्धरेषा ओलांडायला दहा सेकंद मिळायचे, आता आठ मिळतात. मला तीस दिले असते तरी फरक पडला नसता. पहिल्यांदा बॉल माझ्याच पायावर आपटला. दुसऱ्यांदा मी साइडलाइनला चिकटून वळले आणि रेषेबाहेर गेले. तिसऱ्यांदा त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं आणि मी घाबरून बॉल सरळ त्यांच्याच तिसऱ्या मुलीच्या हातात दिला. अजूनही तो पास मला रात्री कधी कधी आठवतो.

खरं म्हणजे मला तेव्हा एकच गोष्ट बरी जमायची. आमच्या मुलीने रिबाउंड घेतला, की मी तिच्याकडे न बघता समोरच्या रिंगकडे धावत सुटायचे आणि मागून आलेला लांब पास पकडून रिंगपाशी लेअप टाकायचे. चुकला तर परत उडी मारून टाकायचे. बस्. पण ‘मी पळते आणि लेअप मारते’ असं तोंडाने सांगायची मला लाज वाटली. ते काही पद वाटेना. ‘पॉइंट गार्ड’ कसं भारदस्त वाटतं!

ती लाज पुढे मुंबईतच गेली, नागपाड्याला. तिथल्या नेबरहूड हाउसचं कोर्ट ऐकून माहीत असेल तुला. भारताचे कर्णधार राहिलेले आणि 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळवलेले अब्बास मुंतसिर त्याच गल्ल्यांतले. संध्याकाळी पोरं टीम पाडायला लागली की मी कडेला उभी राहून ऐकत असे. ‘ये गार्ड है, वो फॉरवर्ड है’ असं कोणी म्हणत नसे. ‘वो बोर्ड लेता है.’ ‘वो भागता है.’ ‘इसको कोने में छोड़ा तो मारता है.’ आणि एका किडकिडीत मुलाकडे बोट दाखवून, ‘उसको ले, वो चिपकता है.’ प्रत्येकाची ओळख एका क्रियापदात. त्या चिपकणाऱ्या मुलाला सगळ्यात आधी उचलायचे, हे मी स्वतः पाहिलंय.

तर अगं, तू चिकटतेस. आता हे 150 शब्दांत कसं मांडायचं ते बघू.

आधी त्या फायनलची दुसरी वीस मिनिटं डोळ्यांसमोर आण आणि मला नाही, स्वतःला सांग, की तू नेमकं काय केलंस. ‘चांगला डिफेन्स केला’ हे उत्तर धरणार नाही मी. तू तिच्या छातीसमोर उभी होतीस, की तिच्या उजव्या खांद्याच्या बाजूला अर्धा फूट सरकून? अर्धा फूट सरकली असशील तर का? तिचा डावा हात कच्चा आहे हे पहिल्या हाफमध्ये बेंचवरून की दुसऱ्या मुलीला धरताना हेरलंस? तुझी नजर बॉलवर होती की तिच्या कमरेवर? खांदे फसवतात, डोळे फसवतात, बॉल तर फसवण्यासाठीच असतो. कंबर जिकडे जाते तिकडेच माणूस जातो. तिच्या हातात बॉल नसताना तू कुठे होतीस? माझा अंदाज असा, की तिचं निम्मं काम तू तिथेच संपवलंस. पासच्या रेषेत हात घालून उभी राहिलीस, तिला बॉल घ्यायला रिंगपासून लांब यावं लागलं, आणि लांबून तिला मारता येत नव्हतं. बरोबर? चूक असेल तर तुझं जे खरं असेल ते लिही. पण याच बारकाईने लिही.

तिचे ते दोन फ्री थ्रोही विसरू नकोस. म्हणजे तू एक फाउल केलास. एकूण किती केलेस? पाचव्या फाउलला बाहेर जावं लागतं, म्हणून समोरच्या स्टारवर लावलेल्या मुलीचे फाउल कोच फार काळजीने मोजतो. वीस मिनिटं तिला धरून तुझे दोन-तीनच झाले असतील, तर तो आकडा फॉर्मवर आलाच पाहिजे. तुझ्या चार पॉइंटपेक्षा तो मोठा.

चार पॉइंटवरून एक आठवलं. फेब्रुवारी 2017 मध्ये गोल्डन स्टेट संघाच्या ड्रेमंड ग्रीनने एका सामन्यात रिबाउंड, असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास) आणि स्टील (हिसकावलेला बॉल) असे तिन्ही आकडे दहा किंवा दहाच्या वर नेले. गुण किती? चार. दोन आकडी गुण नसताना ट्रिपल-डबल, म्हणजे तीन रकाने दोन आकडी, हे एनबीएत त्याआधी कोणी केलं नव्हतं. त्याच मोसमाचा सर्वोत्तम बचावपटूचा किताब त्याला मिळाला. तो काही सहज दिसणारा खेळाडू नव्हता, 2012 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, 34 जण त्याच्या आधी उचलले गेले होते. पण शेजारी स्टीफन करी आणि क्ले थॉमसन असताना तिसरा शूटर व्हायच्या नादी तो लागला नाही. ते दोघं मारणार, तर मग न मारता उरलेलं सगळं कोण करणार, त्या जागेत तो जाऊन बसला.

आता सरांचं ‘तू शूटर नाहीस’. तुला ते लागलंय, हे तुझ्या वाक्यावरून कळतं. सर म्हणाले ते आज खरं असेलही. पण ते किती खरं आहे ते तुला ठाऊक आहे का? तुमच्या शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर थ्री-पॉइंटची रेष पुसट झालेली असेल, किंवा जुन्या मापाचीच रंगवलेली असेल. टेप घे आणि मोज, रिंगच्या मध्यापासून 6.75 मीटर, बेसलाइनच्या कोपऱ्यात 6.60. तिथून शंभर शॉट मार. मग फ्री थ्रोच्या रेषेवरून शंभर. मग एक ड्रिबल घेऊन रिंगपासून तीन-चार मीटरवरून शंभर. चार दिवस हेच कर आणि वहीत मांड. कदाचित थ्री शंभरात अठराच पडतील, पण फ्री थ्रो बहात्तर पडतील. मग ‘मी शूटर नाही’ याच्या जागी ‘बाहेरून माझा शॉट कच्चा आहे, फ्री थ्रो भरवशाचे आहेत’ असं वाक्य तयार होतं. ते खरंही आहे आणि कोचच्या कामाचंही.

उणीव लिहायची की नाही, हा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं. माझं मत, एक लिहावी. कोच ती तशीही तीन मिनिटांत ओळखतो, तू आधी सांगितलीस तर तुला स्वतःचा खेळ कळतो एवढं त्याला समजतं. डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या बायकांच्या लीगमध्ये अलिसा थॉमस आहे, कनेक्टिकट सनकडून दहा-एक मोसम खेळलेली. तिच्या दोन्ही खांद्यांतली लॅब्रम म्हणजे सांध्याची कूर्चा फाटलेली आहे. इतरांसारखा हात वर नेऊन लांबून शॉट मारणं हा तिचा खेळच नाही. ती जवळ जाऊन एका हाताने ढकलल्यासारखा बॉल टाकते. पण रिबाउंड घेते, स्वतःच बॉल वर आणते, पास देते, आणि त्या लीगच्या इतिहासात सर्वांत जास्त ट्रिपल-डबल तिच्या नावावर आहेत. समोरच्या टीमला ती लांबून मारणार नाही हे अगदी पक्कं माहीत असतं, तरी तिला थांबवता येत नाही.

फक्त उणीव लिहिताना रडगाणं नको. ‘माझी उंची कमी असल्याने मला संधी मिळाली नाही’ असली वाक्यं नकोत. उंचीचा आकडा लिही आणि पुढे चल.

मैत्रिणीच्या ‘अ‍ॅग्रेसिव्ह स्कोअरर’ची काळजी करू नकोस. तिला ट्रायलला म्हणतील, ‘चल, स्कोअर कर.’ जमलं तर चांगलंच आहे, तिचा फॉर्म खरा ठरला. नाही जमलं तर 1993 सालची मी तिला भेटेन.

तुझ्या बाजूने आणखी एक काम आहे, आणि हे मी माझ्या प्रत्येक खेळाडूकडून करून घेते. पुढच्या तीन प्रॅक्टिस मॅचना एखाद्या ज्युनिअर मुलीला वही-पेन देऊन कडेला बसव. तुझे पॉइंट तिने लिहायचेच नाहीत. तू जिला धरलं होतंस तिने किती शॉट मारले आणि किती पडले, ते लिहायचं. तुझ्या हाताला लागून किती पास बिघडले. शॉट गेल्यावर तू वळून समोरचीला पाठीने अडवलंस का, की नुसती वर बघत राहिलीस. शॉट हवेत असताना सगळ्यांच्या माना वर जातात, त्याच क्षणी जी मुलगी वाकून, कमरेने समोरचीला मागे रेटून जागा धरते, तिच्या हातात बॉल येवो न येवो, तिने टीमला तो मिळवून दिलेला असतो. आपल्या स्कोअरशीटवर याला रकाना नाही, म्हणून वही. आणि एक, तू पास दिल्यावर पुढे काय झालं? बास्केट झाली, की बॉल गेला? हल्ल्यात तुझी जागा कोणती ते या शेवटच्या नोंदीतून कळेल. आत्ता ते तुलाही माहीत नाही, मलाही नाही. पत्रात तू त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाहीस.

हल्ल्याबद्दल काहीच सांगण्यासारखं निघालं नाही तरी घाबरू नकोस. 1997 च्या एनबीए फायनलचा सहावा सामना, शिकागो विरुद्ध युटा. शेवटच्या क्षणांत गुण सारखे. टाइमआउटमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं की बॉल मायकल जॉर्डनकडे जाणार आणि त्याच्यावर दुसरा माणूस धावून येणार. तो दुसरा माणूस बहुतेक जॉन स्टॉकटन असेल, म्हणजे स्टॉकटन ज्याला सोडून येईल तो स्टीव्ह कर मोकळा राहील. करने जॉर्डनला तिथेच सांगून टाकलं की तो आला तर मी तयार आहे. तसंच झालं, पास आला आणि करने तो मारला. तेवढंच त्याचं काम होतं त्या दिवशी, योग्य जागी मोकळं उभं राहणं आणि आलेला बॉल न डगमगता मारणं. तुझं काम आणखी लहान असेल. ‘हल्ल्यात मी बॉल धरून ठेवत नाही, स्क्रीन लावते आणि कोपरा मोकळा करते’, एवढं असलं तरी ते लिही. जिला स्वतःलाच बॉल हवा असतो अशा मुली कोचकडे आधीच पाच असतात.

मसुद्याची सुरुवात मी अशी करीन. शब्द तुझे घाल, माझे जसेच्या तसे उतरवू नकोस, मॅडमना लगेच कळेल की हे पन्नाशीतल्या बाईने लिहिलंय :

‘मी गार्ड आहे (टू), उंची 5 फूट 4 इंच. टीममधलं माझं मुख्य काम म्हणजे समोरच्या संघाची जी गार्ड सर्वांत जास्त गुण करते, तिला धरणं. विभागीय अंतिम सामन्यात पूर्वार्धात 14 गुण केलेल्या खेळाडूवर मला उत्तरार्धात लावलं. नंतर तिला एकही फील्ड गोल करता आला नाही, फक्त दोन फ्री थ्रो मिळाले. मी तिला तिच्या कच्च्या हाताकडे वळवते आणि तिला बॉल मिळण्याआधीच पासची वाट अडवते. डिफेन्सला मी सतत बोलते. बाहेरून माझा शॉट अजून भरवशाचा नाही. सध्या रोज…’

‘सध्या रोज’च्या पुढे खरं असेल तेच. रोज पन्नास मारत असशील तर पन्नास लिही. उद्यापासून दोनशे मारणार असशील तर उद्यानंतर लिही. यात स्वतःचं कौतुक करणारं एकही विशेषण नाही बघ. त्यामुळे बढाईचा प्रश्नच येत नाही. ‘मी उत्तम बचावपटू आहे’ ही बढाई. ‘चौदानंतर दोन’ हा हिशेब, आणि तो स्कोअरशीटवर कोणालाही तपासता येतो. त्या शीटची प्रत सरांकडे असेल तर फॉर्मला जोड.

हरलात, हे लिहायचं का? विचारलं तर सांग, तीन पॉइंटनी हरलो. लपवू नकोस, आणि आपणहून त्याचं दुःखही मांडू नकोस.

ट्रायलला गेलीस आणि परत कोणी विचारलं ‘तू काय खेळतेस’, तर एका श्वासात संपेल असं उत्तर तयार ठेव. ‘मॅडम, मी डिफेन्सला आहे, समोरची सगळ्यात भारी गार्ड मला द्या.’ हे वाक्य घरी आरशासमोर पाच-सहा वेळा मोठ्याने म्हण, नाहीतर ऐन वेळी तोंडातून ‘काहीही, मॅडम’ निघेल. आणि म्हटल्यावर तयार राहा, कारण त्या खरंच त्यांच्या कॅप्टनला बोलावून तुझ्यासमोर उभं करतील. एखाद-दुसरी बास्केट ती मारेलच, कॅप्टन आहे ती. मॅडम तेव्हा तुझ्याकडे बघत असतील, तिच्याकडे नाही. बास्केट झाल्यावर तू मान खाली घालतेस की बॉल आत येण्याआधी परत तिच्यासमोर जाऊन उभी राहतेस, तेवढंच त्यांना बघायचं असतं.

आणि एक राहिलं. ती सात नंबर कुठल्या गावची, तिचा फोन नंबर कोणाकडे मिळतो का बघ. विभागात खेळणाऱ्या मुली एकमेकींच्या ओळखीत कुठे ना कुठे असतातच. तिला सरळ विचार, ‘त्या दिवशी तुला माझा सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?’ जे सांगेल ते लिहून घे आणि मसुद्यातलं माझं वाक्य खोडून तिचं घाल. मी तुझा खेळ पाहिलेला नाही, तिने वीस मिनिटं सोसलाय. आणि तीही पुण्यालाच त्याच ट्रायलला येणार असेल, तर मॅडम ‘भारी गार्ड’ म्हणून बहुधा तिलाच तुझ्यासमोर उभी करतील, तेव्हा तिचा डावा हात एव्हाना सुधारला का, तेही बोलता बोलता काढून घे.

— तुझी ताई